आरडीला दुसऱ्या गाडीचा कार्ब्युरेटर : बसतो, पण चालतो का?

नाशिक : प्रतिनिधी

एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या सहकार्याने १९८३ मध्ये 'राजदूत ३५०' बाजारात आणली, तेव्हा भारतीय रस्त्यांवर तिच्या तोडीची दुसरी मोटरसायकल नव्हती. दोन सिलिंडर, सहा गिअर आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब्युरेटर असा तिचा थाट होता. मूळ जपानी आरडी ३५० वरून ती बेतली असल्याने लोकांच्या तोंडी 'आरडी' हेच नाव राहिले. मात्र त्याच दशकात शंभर सीसीच्या काटकसरी जपानी गाड्या येऊन दाखल झाल्या आणि पेट्रोल पिणाऱ्या या गाडीला गिऱ्हाईक उरले नाही. दशक सरता सरता तिचे उत्पादन थांबले. त्या वेळी मातीमोल भावाने विकल्या गेलेल्या आरडी आज शौकीन मंडळी शोधून काढत आहेत, गोठ्यातून आणि भंगारातून बाहेर काढलेल्या गाड्या नव्या रंगात उभ्या राहत आहेत.

रंग, क्रोम, सीट ही कामे पैसा ओतला की होतात. गाडी अडते ती कार्ब्युरेटरपाशी. मूळ मिकुनी कार्ब्युरेटरची जोडी चाळिशीला पोहोचली आहे. त्याचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे असते. त्यात वरखाली होणारी स्लाइड वर्षानुवर्षे घासून भोक सैल करते, पितळी निडल जेट झिजून लंबगोल होतो आणि गाडीचे 'स्लो' काही केल्या जागेवर राहत नाही. मूळ नवी जोडी मिळणे दुर्मिळ, मिळाली तर खिशाला जड. मग 'बुलेटचे दोन टाका', 'नवीन स्पोर्टी कार्ब्युरेटर बसवा' असे सल्ले सुरू होतात. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत जुन्या मालाच्या बाजारात फिरले, की बसेल असे काहीतरी हाताला लागतेच. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथ चालवणाऱ्यांची नाशिकला वाण नाही, त्यामुळे मधला जोड कातून घेणे ही तर दुपारभराची बाब. प्रश्न बसवण्याचा नाहीच. बसवल्यानंतर इंजिनाचे काय होते, हा आहे.

कार्ब्युरेटर नेमके काय करतो?

कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोलचा नळ नव्हे, ते एक मोजमापाचे यंत्र आहे. पिस्टनच्या हालचालीने ओढली गेलेली हवा त्याच्या आकसत्या नळीतून जाते. नळी अरुंद झाली की हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो. या कमी दाबामुळे खालच्या वाटीतले पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून वर खेचले जाते. निव्वळ पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाच्या हिशेबाने एका भागाला १४.७ भाग हवा लागते, आणि गाडी उभी असो, चढावर असो वा सपाटीवर पळत असो, हे प्रमाण पेलवेल इतपतच हलले पाहिजे.

हे एका छिद्राने साधत नाही. एक्सलरेटर जवळजवळ बंद असताना कारभार स्लो जेटचा आणि बाजूच्या स्क्रूचा असतो. थोडा उघडला की स्लाइडच्या तळाशी दिलेली तिरकी काप प्रमाण ठरवते. पाव ते पाऊण या पट्ट्यात निमुळती निडल आणि ती ज्यात वरखाली होते तो निडल जेट काम करतात. त्यापुढे मेन जेट. शहरात फिरणारी गाडी बहुतांश वेळ पहिल्या तीन अवस्थांत असते, पण दुकानात मात्र चर्चा फक्त मेन जेटच्या नंबराची होते. आरडी पाऊण एक्सलरेटरपर्यंत अडखळत असेल, तर मेन जेट बदलून हाती फारसे काही लागणार नाही.

हे सारे भाग एका ठरावीक इंजिनासाठी परस्परांशी जुळवलेले असतात. दुसऱ्या गाडीचा कार्ब्युरेटर आणणे म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावण्यासारखे आहे. चौकट नाकावर बसते, काचा मात्र बदलाव्या लागतात.

मापे जुळतात, स्वभाव जुळत नाही

बुलेट ५०० च्या जुन्या गाड्यांवर मिकुनीच्या परवान्याने बनलेला २८ मिलिमीटरचा व्हीएम कार्ब्युरेटर असे. आरडीच्या मूळ कार्ब्युरेटरचे मापही २८ मिलिमीटरच. एका बाजूला जवळपास ५०० सीसीचा एक सिलिंडर, दुसऱ्या बाजूला १७३ सीसीचा; तरी माप एक कसे, असा प्रश्न कुणालाही पडावा. उत्तर सोपे आहे. बुलेट फोर स्ट्रोक असल्याने दर दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढते आणि तिची पूर्ण ताकद साडेपाच हजार फेऱ्यांच्या आत मिळते. आरडी टू स्ट्रोक, दर फेरीला हवा ओढणारी, आणि साडेसहा-सात हजार फेऱ्यांपर्यंत जाणारी. कागदावर गणित मांडले तर दोन्ही सिलिंडर मिनिटाला अकराशे ते साडेतेराशे लिटर हवेच्या आसपास येतात. त्यामुळे बुलेटची जोडी आरडीला लावण्याची कल्पना वरकरणी अगदीच चुकीची नाही.

मेख आत आहे. मिकुनीच्या निडल जेटचे दोन प्रकार असतात. टू स्ट्रोक इंजिनांसाठीच्या जेटच्या तोंडाशी एक छोटा आडोसा असतो आणि हवा तिथेच येऊन पेट्रोलला भेटते. फोर स्ट्रोकसाठीच्या जेटला मात्र अंगभर बारीक छिद्रे असतात आणि हवा वाटेतच पेट्रोलमध्ये मिसळून फेस तयार होतो. टू स्ट्रोक इंजिनात हवेचा झोत पुढे-मागे उसळत असतो, त्यात हा छिद्रांचा जेट नीट माप देत नाही. परिणामी खाली पेट्रोल जास्त आणि मधल्या पट्ट्यात कमी, अशी विचित्र गाडी तयार होते. बुलेटचा कार्ब्युरेटर लावायचाच, तर आतला निडल जेट, निडल, स्लाइड आणि दोन्ही जेट टू स्ट्रोकला साजेसे शोधावे लागतात. एवढी शोधाशोध केल्यावर बुलेटचे फक्त अंग उरते, आणि मग मूळ कार्ब्युरेटरची दुरुस्ती महाग होती का, याचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

अलीकडच्या फोर स्ट्रोक गाड्यांवरचे, आत रबरी पडदा असलेले कार्ब्युरेटर तर आरडीसाठी बादच समजावेत. त्यात स्लाइड केबलने नव्हे, हवेच्या दाबाने उचलली जाते. टू स्ट्रोकच्या धक्क्यांनी ती फडफडत राहते.

टू स्ट्रोकसाठीच बनवलेले २८ मिलिमीटरचे सपाट स्लाइडचे कार्ब्युरेटर सध्या सर्रास विकले जातात आणि आरडीवर तेच अधिक दिसतात. त्यातले अस्सल आणि नकली ओळखणे हा स्वतंत्र विषय आहे. नकली मालात जेटवर छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष छिद्र यांचा मेळ बसेलच असे नाही. आकड्यांचा आणखी एक घोळ आहे. मिकुनीच्या षटकोनी जेटवरचा आकडा त्यातून वाहणाऱ्या पेट्रोलचे प्रमाण दाखवतो, गोल जेटवरचा आणि केहिन बनावटीच्या जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास दाखवतो. 'जुन्यात एवढ्याचा होता, नव्यातही तेवढ्याचाच टाका' हा व्यवहार त्यामुळे फसतो.

परदेशी पुस्तकांतल्या जेटच्या आकड्यांवरही विसंबू नये. जपानी आरडी ३५० ची ताकद ३९ अश्वशक्ती होती. भारतात आलेली पहिली आवृत्ती ३०.५ अश्वशक्तीची आणि पेट्रोल वाचवण्यासाठी पुढे आलेली दुसरी सुमारे २७ अश्वशक्तीची. जाणकार त्यांना 'एचटी' आणि 'एलटी' म्हणतात. सिलिंडरची छिद्रे आणि सायलेन्सर वेगळे असल्याने इंजिनाची तहानही वेगळी आहे.

तेलाच्या पंपाकडे दुर्लक्ष नको

या सगळ्या खटाटोपात सर्वाधिक धोक्याची गोष्ट कार्ब्युरेटरच्या बाहेर आहे. आरडीत टू-टी ऑइल पेट्रोलमध्ये ढवळून घालावे लागत नाही. वेगळ्या टाकीतून एक पंप ते इंजिनाला पुरवतो. एक्सलरेटरची एकच केबल पुढे तीन फाट्यांत विभागते: दोन कार्ब्युरेटरकडे, तिसरा या पंपाकडे. जितका एक्सलरेटर उघडला, तितका पंप उघडतो.

आता २८ मिलिमीटरऐवजी लहान तोंडाचा कार्ब्युरेटर लावला, तर त्याची स्लाइड कमी उंचीवरच टेकते. केबल तिथेच थांबते आणि पंप कधीच पूर्ण उघडत नाही. केबलच्या टोकाची घडण किंवा लांबी वेगळी असली तरी हाच घोळ. गाडी सुरू होते, आवाजही छान येतो, धूर कमी झाला म्हणून मालक खूश होतो. आणि लांबच्या प्रवासात पिस्टन जाम होतो. पिस्टन जाम म्हणजे मागचे चाक एकाएकी रुतणे. कसारा घाटात ट्रकच्या पुढे असे घडले, तर परिणाम सांगायला नको. क्लचवर हात ठेवून चालवण्याची जुन्या टू स्ट्रोकवाल्यांची सवय उगाच नाही.

म्हणून कार्ब्युरेटर बदलला की पंपाच्या चाकावरची खूण जुळवून पाहणे अनिवार्य आहे. नव्या जोडीची पहिली टाकी पेट्रोलमध्ये थोडे ऑइल वेगळे मिसळून चालवावी. धूर होईल, प्लग काळे पडतील, पण पिस्टन शाबूत राहील.

जोडीचा मामला असल्याने दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जाणेही आवश्यक. मूळ जोडीत डावा-उजवा असा भेद आहे. स्लोचे स्क्रू बाहेरच्या बाजूंना येतात आणि चोकची एकच दांडी दोघांना पुरते. एकाच प्रकारचे दोन कार्ब्युरेटर आणले, की एकाचा स्क्रू मधल्या बेचक्यात जातो, जिथे स्क्रूड्रायव्हर पोहोचत नाही. दोन स्लाइडखाली सारख्या जाडीच्या ड्रिलचे दांडे ठेवून, केबल हळूहळू ओढत दोन्ही एकाच वेळी सुटतात का हे पाहण्याची जुनी युक्ती आजही चांगली चालते.

नाशिकची हवा आणि आजचे पेट्रोल

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. कार्ब्युरेटरला हवेची घनता कळत नाही. हवा विरळ झाली तरी तो पेट्रोल त्या प्रमाणात कमी करत नाही. त्यामुळे मुंबईत जुळवलेली गाडी नाशिकला आली की मिश्रणात सुमारे तीन टक्के पेट्रोल जास्त होते. याने फारसे बिघडत नाही. उलट प्रवास मात्र जपून करावा लागतो. नाशिकला काटेकोर जुळवलेली गाडी घाट उतरून मुंबईला गेली, तर मिश्रण तेवढेच कोरडे होते. ऋतूंचा फरक याहून मोठा आहे. मे महिन्यातल्या ४० अंशांच्या दुपारी जुळवलेली गाडी जानेवारीत १० अंशांच्या पहाटे चालवली, तर मिश्रण सुमारे पाच टक्क्यांनी कोरडे पडते. नाशिकची थंडी पाहता जुळवणी हिवाळ्यात केलेली बरी.

कोरडे मिश्रण म्हणजे पेट्रोल वाचले असे नव्हे. टू स्ट्रोक इंजिनात आत येणारे मिश्रणच पिस्टनला काहीसे थंड ठेवते. ते कोरडे झाले की पिस्टनचा माथा तापतो, प्रसंगी त्याला भोक पडते.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून निवडक पंपांवर मिळू लागले. पुढे २०२५ मध्ये देशभर हेच मिश्रण रूढ झाले. इथेनॉलमध्ये मुळातच प्राणवायू असल्याने त्याला ज्वलनासाठी हवा कमी लागते. साध्या पेट्रोलचे १४.७ चे प्रमाण या मिश्रणात साडेतेराच्या आसपास येते. याचा अर्थ, तेवढ्याच हवेसाठी सात-आठ टक्के जास्त इंधन द्यायला हवे. इंजेक्शनच्या नव्या गाड्या हे सेन्सरच्या मदतीने सांभाळतात. १९८० च्या दशकातल्या पेट्रोलसाठी छिद्र पाडलेला जेट ते कसे करणार? कार्ब्युरेटर न बदलताही आरडी, येझ्दी किंवा जुनी बुलेट आज कारखान्यातून निघाली तेव्हापेक्षा कोरडी चालते आहे, हे मालकांनी ध्यानात घ्यायला हवे. जेट एक-दोन पायऱ्यांनी मोठा करणे ही आता हौस राहिलेली नाही.

इथेनॉल पाणी शोषून घेते. आठवड्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या गाडीत वाटीच्या तळाशी पांढरा थर धरतो, जुनी रबरे फुगतात किंवा तडकतात. घरी पोहोचण्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी रिकामी होईपर्यंत इंजिन चालू ठेवण्याची सवय लावून घेतली, तर निम्मा त्रास टळतो.

आधी दोष कुणाचा ते पाहा

कार्ब्युरेटर बदलण्याचे निदान बऱ्याचदा घाईने होते. आरडीच्या क्रँकच्या टोकांची रबरी सीले सुकली की तिथून हवा आत शिरते आणि गाडी अगदी कार्ब्युरेटर बिघडल्यासारखी वागते. स्लो आपोआप वाढणे, एक्सलरेटर सोडल्यावरही फेरे खाली न येणे, ही त्याची लक्षणे. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधले रबर तडकले असले तरी तेच घडते. इंजिन चालू असताना त्या सांध्यावर कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारावा. फेऱ्यांत बदल झाला, तर गळती तिथेच आहे. गरम इंजिनाजवळ हे काम सांभाळूनच. पॉइंटचे अंतर आणि टायमिंग तपासण्याआधी कार्ब्युरेटरला हात लावणे म्हणजे पैशाचा अपव्यय. मूळ कार्ब्युरेटरचे भोक कातून त्यात स्लीव्ह बसवता येते, नवे जेट आणि निडलचे किट मिळते. झीज मर्यादेत असेल तर हा मार्ग अधिक शहाणपणाचा.

बदल केलाच, तर जुळवणी मोठ्या जेटपासून सुरू करून खाली यावे, उलट कधीही नाही. रिकाम्या रस्त्यावर पूर्ण एक्सलरेटरवर थोडे अंतर जाऊन, क्लच दाबून, त्याच क्षणी इंजिन बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. पांढरा प्लग म्हणजे धोक्याची घंटा, कॉफीसारखा तपकिरी म्हणजे ठीक, काजळी धरलेला म्हणजे पेट्रोल जास्त. इथेनॉलच्या पेट्रोलवर हा रंग पूर्वीइतका स्पष्ट उमटत नाही, म्हणून शंका आली तर एक पायरी मोठाच जेट राहू द्यावा. फ्लोटची उंचीही पाहावी. ती चुकली तर पेट्रोल ओसंडून तापलेल्या इंजिनावर पडते.

इतर जुन्या गाड्यांची कथा थोडी निराळी आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ ते १९९६ या काळात बनलेल्या जावा-येझ्दींवर झेक बनावटीच्या धर्तीचे जिकोव्ह कार्ब्युरेटर होते. एकच सिलिंडर असल्याने जोडी जुळवण्याची कटकट नाही. मात्र जुन्या जावाचा कार्ब्युरेटर झाकणाच्या आत बसतो, तिथे दुसरा लांबट कार्ब्युरेटर मावत नाही आणि मग झाकणच कापले जाते. ज्या गाडीची सारी शोभा त्या गोलाईत आहे, तिला अशी कात्री लावणे खटकते. येझ्दीच्या बहुतेक गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळत असल्याने मिश्रण कोरडे म्हणजे ऑइलही कमी, हेही विसरता येत नाही. सर्वांत कमी डोकेदुखी जुन्या बुलेट ३५० ची. तिच्यावरचा ॲमल काढून नंतरच्या बुलेट ३५० चा २४ मिलिमीटरचा मिकार्ब लावला, तर तो त्याच घराण्यातल्या फोर स्ट्रोक इंजिनासाठी बनलेला असल्याने जुळवणी सोपी जाते.

कागदपत्रे आणि पीयूसी

नोंदणी पुस्तिकेत इंजिन आणि चासीचा क्रमांक असतो, सीसी असते. कार्ब्युरेटरची नोंद नसते. तरीही एक मुद्दा आहे. केंद्राने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार नसलेल्या वाहनांना 'व्हीए' मालिकेतला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून, असे वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. साठच्या दशकातल्या जावा या वयात बसल्या आहेत. पहिल्या आरडी २०३३ मध्ये पन्नाशी गाठतील. मूळ कार्ब्युरेटर त्या दिवशी हाताशी असावेत, असे कोणत्याही मालकाला वाटेल. आज काढलेली जोडी भंगारात न देता, धुऊन, हलका ऑइलचा हात फिरवून, जेट आणि निडलसह डब्यात ठेवावी. डब्यावर डावा-उजवा लिहून ठेवावे.

पीयूसीचे म्हणाल, तर ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ९००० पीपीएम आहे. ही तपासणी गाडी उभी असताना, स्लोवर होते. म्हणजे तिथे स्लो जेट आणि बाजूचा स्क्रू पास होतात, मेन जेटची परीक्षा होतच नाही. प्रमाणपत्र मिळाले म्हणून कार्ब्युरेटर बरोबर जुळला असा अर्थ काढून कुणी थेट घाटाकडे निघू नये.

सातपूरच्या बॉशच्या, म्हणजे पूर्वीच्या मायकोच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे इंजेक्टर आणि नोझल बनतात. इंधन किती बारीक मापाने द्यावे लागते, याची जाण या शहरातल्या कामगारांच्या पिढ्यांना आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींवरून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. ज्या गाड्यांचे कार्ब्युरेटर काढून आरडीला लावले जात आहेत, त्या गाड्याही आता जुन्या होत चालल्या आहेत. स्लो जेट कोणता आणि मेन जेट कोणता हे नुसत्या आवाजावरून सांगणारे मिस्त्री आज साठीच्या घरात आहेत. त्यांच्या हाताखाली येणारी मुले लॅपटॉप लावून गाडीचा दोष वाचतात.

जावा-येझ्दी दिवस दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी साजरा होतो, म्हणजे ऐन पावसाळ्यात. त्यात सामील होण्यासाठी गाडी बाहेर काढणाऱ्यांनी आदल्या दिवशी वाटी उघडून तळाशी पाणी साचले आहे का, तेवढे पाहून घ्यावे.